देवघरातला मुनीम

आमचं आडनाव दफ्तरदार, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हांलाही माझ्याएवढाच धक्का बसेल. धार संस्थानचं दफ्तर आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. कुणाची जहागीर, कुणाच्या विहिरीचा हक्क, कुणाच्या वतनाचा तंटा, सगळं आमच्या पूर्वजांच्या ताब्यात. एक चिटोरंसुद्धा कधी हरवलं नाही, असं आमचे बापू आजही छाती पुढे काढून सांगतात. आणि त्याच घराण्यात जन्मलेल्या मी सगळं एका जागी आणलं, नीट रचलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि एका सकाळीत घालवून बसलो! मी म्हणजे तसा मी नाही. पण मीच. सांगतो.

बापू म्हणजे माझे थोरले काका. धारला असतात. नव्वदीला टेकलेत, पण आवाज असा की धारला शिंकले तर बदनावरला ऐकू जावं. मी देवासला सरकारी कॉलेजात ग्रंथपाल आहे. कॉलेजात मला सगळे 'दफ्तरदार सर' म्हणतात. बापू मला चिंटू म्हणतात, चारचौघांत, फोनवर, मोठ्यानं. निवृत्तीला आलेल्या माणसाला चिंटू म्हटल्यावर त्याच्या मनाचं काय होतं हे इथे मांडत नाही, तो वेगळा विषय आहे.

तर आमच्या घराण्याची स्वतःची मंगलाष्टकं आहेत. कुठल्याशा पूर्वजानं रचलेली. आमच्यातल्या कुठल्याही मुलीचं लग्न त्यांच्याशिवाय लागलेलं नाही. भटजींची सगळी अष्टकं आटोपली की शेवटी घरातला वडील माणूस ती म्हणतो आणि मगच अंतरपाट दूर होतो. गंमत अशी, की अख्ख्या संस्थानाचं लिहून ठेवणाऱ्या आमच्या लोकांनी ही मंगलाष्टकं कधी कागदावर उतरवली नाहीत. घरचं लिहायचं नाही, हा घराण्याचा नियम. लिहिलं की दफ्तरात जातं, दफ्तरात गेलं की दरबारात जातं, आणि दरबारात गेलेलं परत घरी येत नाही, असं म्हणे पणजोबा सांगायचे. त्यामुळे ती फक्त तोंडपाठ, आणि तीही आता एकट्या बापूंनाच. आम्ही बाकीचे 'सावधान' म्हणायला आणि अक्षता टाकायला.

माझ्या मुलीचं, उर्वीचं, लग्न ठरलं आणि मला जाग आली. मुलगा कुशल, इंदूरचा, आपल्यातलाच, पण शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचताना चष्मा पुसायला लागतो. उर्वीचंही तेच. म्हणून मी बापूंना समोर बसवून मंगलाष्टकं फोनवर रेकॉर्ड केली. लिहायचं नाही असा नियम आहे ना, रेकॉर्ड करायचं नाही असं पणजोबा कुठे म्हणाले होते? बापूंनाही हा मुद्दा पटला. मग त्यांनी सुटून गौरींची कहाणी, नवरात्राची आरती, सगळा कुलाचारच सांगून टाकला. ती रेकॉर्डिंगं मी सगळ्या नातेवाइकांना पाठवली आणि पाठवतोय तोच माझा फोन म्हणाला, जागा संपली.

फोन म्हणाला तशी चारुलताही म्हणाली. चारुलता म्हणजे आमच्या सौ. त्यांचाही फोन भरला होता. मग कळलं की घरात प्रत्येकानं फुकट जागा देणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांत खाती उघडून ठेवली आहेत. एक भरलं की दुसरं, दुसरं भरलं की नवं नाव घालून तिसरं. एका खात्यात लग्नाचे फोटो, दुसऱ्यात घराचे कागद, तिसऱ्यात पुन्हा तेच फोटो. कुलाचाराची रेकॉर्डिंगं तर सगळ्यांतच. पासवर्ड कुणाला आठवत नाहीत. दफ्तरदारांच्या घरात ही दशा! मला शरम वाटली.

शेजारचे अंशुल भिया (आमच्या माळव्यात भैयाला भिया म्हणतात) एका कारखान्यात कंप्युटरचं खातं बघतात. आमची आणि त्यांची भिंत एकच. ते म्हणाले, "भिया, हर महीने कंपनी को किराया दोगे? अपना खुद का सिस्टम डालो ना. फोकट में आता है."

त्यांनी समजावलं ते असं. एक प्रोग्राम असतो, तो आपल्याच घरातल्या आपल्याच कंप्युटरवर बसवायचा. त्याला सगळ्या कंपन्यांच्या खात्यांच्या किल्ल्या द्यायच्या. मग तो सगळीकडचं सामान एकाच पानावर मांडून दाखवतो. माल कंपन्यांच्या गोदामांत, मुनीम मात्र आपल्या घरचा. हे ऐकून माझ्या अंगात पूर्वज संचारले. मी त्याच दिवशी कॉलेजातून घरी आलो तो मनानं दफ्तरदार होऊनच.

अंशुल भियांनी कारखान्यातून काढून टाकलेला एक कंप्युटर दिला. आता हा ठेवायचा कुठे? हा कधी बंद पडता कामा नये, म्हणजे इन्व्हर्टरचा पॉइंट हवा. आमच्याकडे इन्व्हर्टरचा पॉइंट एकच, देवघरात, कारण वीज गेली तरी देवापुढचा दिवा विझता कामा नये, असा चारुलताचा हुकूम. तेव्हा मशीन देवघरात बसलं. गणपतीच्या डाव्या हाताला, शंखाच्या खाली. चारुलता म्हणाली, "अहो, हे काय? देवांना गरम हवा लागतेय त्याची." मी म्हटलं, "थंडीचे दिवस आहेत, लागू दे."

तरी बापूंना विचारायलाच हवं होतं. फोन केला. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चिंटू, त्यात काय आहे?"

"आपला सगळा कुलाचार आहे, बापू."

"मग ते देवघरातच हवं. पण एक सांगतो. देवघरात मुकं काही ठेवू नये. रोज सकाळी पूजेच्या वेळेला त्यानं मंगलाष्टकं म्हटली पाहिजेत."

आता रोज सकाळी मंगलाष्टकं म्हणजे रोज कुणाचं लग्न लावायचं? पण बापूंपुढे कोण बोलणार! मी मशीनला स्पीकर जोडला आणि वेळ लावून दिली. चारुलताला मिक्सरच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून आवाजही मोठा ठेवला.

चौथ्या दिवशी मंगलाष्टकं संपत आली आणि दाराची घंटी कडाडली. दारात नीतू भाभी, म्हणजे अंशुल भियांची बायको. त्या सकाळी घरी गणिताची शिकवणी घेतात. हातात खडू, कपाळाला आठ्या. "भैया, ये रोज-रोज किसकी शादी है आपके यहाँ? मेरे बच्चे बीजगणित में सावधान-सावधान लिख रहे हैं!"

मी माफी मागितली. आवाज कमी करायला गेलो तर तो कमी होईना, बंद करायला गेलो तर मशीनच बंद होईल असं म्हणायला लागलं. अंशुल भियांना विचारलं तर ते म्हणाले, "सिस्टम चल रहा है ना? तो छेड़ो मत." तेव्हापासून रोज सकाळी बापू आमच्या देवघरातून गायचे आणि रोज सकाळी शेवटची ओळ यायच्या आत नीतू भाभी घंटी वाजवायच्या. या नियमात लग्नापर्यंत खंड पडला नाही. म्हणजे पडला, पण त्याची हकीकत निराळी आहे.

मुनीम इतका चांगला बसला की मला वाटलं, बापूंनाही धारेहून हे सगळं दिसलं पाहिजे. त्यासाठी इंटरनेटवाल्याकडून काहीतरी वेगळा पत्ता घ्यावा लागतो. गेलो त्याच्या ऑफिसात. काउंटरवरच्या मुलीनं कंप्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "कनेक्शन तो बळवंतराव जी के नाम पर है. उनको ले आइए, फोटो खिंचेगी."

बळवंतराव म्हणजे माझे वडील. मी म्हटलं, "वो तो नहीं रहे."

"ओह. तो प्रमाणपत्र लाइए, कनेक्शन बंद कर देते हैं."

"बंद नहीं करना है मॅडम, चालूच ठेवायचं आहे!"

"जो है ही नहीं उसका चालू कैसे रहेगा?"

"अहो, बरसों से चल रहा है!" मी ओरडलो, आणि हे मी कुठे बोलून बसलो ते तिच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. घरी पोचेपर्यंत कनेक्शन तोडलेलं होतं. मग अर्ज, मग माझा फोटो, मग घराच्या कागदाची नक्कल, आणि ती नक्कल माझ्या खात्यात, आणि खातं उघडायला इंटरनेट हवं. मी त्या ऑफिसाच्या पायरीवर बसून त्यांच्याच इंटरनेटवर माझ्या घराचा कागद शोधला. कॉलेजातले दोन प्राध्यापक समोरून गेले आणि त्यांनी मला बघितलं नाही असं दाखवलं. तेवढा तरी सुसंस्कृतपणा देवासात शिल्लक आहे.

कनेक्शन आलं. आता बापूंचं नाव मुनीमाच्या वहीत घालायचं. तिथे प्रोग्रामनं विचारलं, या माणसाला काय अधिकार द्यायचा? 'फक्त पाहणारा', 'बदल करणारा' की 'मालक'? तुम्हीच सांगा, घरातल्या सगळ्यांत वडील माणसाला मी 'फक्त पाहणारा' करायचं? आणि मी, चिंटू, मालक? उद्या बापूंना कळलं असतं तर धारेहून चालत आले असते. मी त्यांना 'मालक' केलं.

पुढचा प्रश्न आणखी नाजूक होता. सगळ्या खात्यांनी एकमेकांशी कसं वागायचं? एक पर्याय होता, प्रत्येकानं आपापलं वेगळं ठेवावं. दुसरा होता, एका ठिकाणी जे होईल ते सगळ्या ठिकाणी व्हावं. पहिला वाचून मला वाटण्याच झाल्यासारखं वाटलं. दुसरा म्हणजे एकत्र कुटुंब. मी दुसरा निवडला. खाली बारीक अक्षरांत काहीतरी इशारा होता. इशारे वाचत बसलं असतं तर आमच्यातल्या कुणाचं लग्नच झालं नसतं.

मग मी सगळ्यांना हुकूम सोडला, फोन रिकामे करा, आता सगळं मुनीमाकडे आहे. भावंडांनी केले, उर्वीनं केला, मी स्वतः केला. कुलाचाराच्या फोल्डरवर आमच्या कुलदेवीच्या टाकाचा फोटो लावला, म्हणजे उघडताना हात जोडले जावेत. बापूंना नातवानं टॅब्लेट आणून दिला होता, त्यावर त्यांना सगळं दिसायला लागलं. ते म्हणाले, "चिंटू, शाबास." मला उभ्या जन्मात बापूंनी शाबास म्हटलेलं नव्हतं. चारुलताला तो फोन मी दोनदा ऐकवला असता, पण रेकॉर्ड केला नव्हता.

लग्न आठवड्यावर आलं असताना एका सकाळी मशीन गाईना. मी देवघरात गेलो. दिवा चालू, मशीन चालू, आवाज नाही. नीतू भाभींनी घंटी वाजवली नाही. घर इतकं शांत की भिंतीपलीकडचं बीजगणित ऐकू यायला लागलं. तेवढ्यात बापूंचा फोन.

"चिंटू, तुझं देवघर स्वच्छ केलं बघ."

"म्हणजे?"

"अरे, काय हे? मी आज जरा नीट बघितलं. एकाच देवघरात आपली देवी किती ठिकाणी बसवलीस! इथे देवी, खाली पुन्हा तीच देवी, त्याच्याखाली पुन्हा! घरात एका देवाच्या दोन मूर्ती पुजत नाहीत, एवढंही तुला बळवंतनं शिकवलं नाही?"

आता माझ्या लक्षात आलं. खाती अनेक, प्रत्येक खात्यात कुलाचाराचा फोल्डर, प्रत्येक फोल्डरवर देवी. मुनीमानं सगळं एका पानावर मांडलेलं, आणि मुनीम बसलाय देवघरात.

"मग तुम्ही काय केलंत, बापू?"

"काय करणार? सोवळं नेसलो, आचमन केलं, तो टॅब्लेट पाटावर ठेवला. एक देवी ठेवली आणि बाकीच्या नर्मदामाईचं नाव घेऊन विसर्जित केल्या. एकेक करून. हात जोडून केल्या हो, उगाच नाही."

"ठीक आहे," मी म्हटलं, कारण टोपली असते ना. पुसलेलं टोपलीत जातं, तिथून काढता येतं. "बापू, त्या टोपलीला मात्र हात लावू नका."

"कुठल्या? ती निर्माल्याची? ती तर तेव्हाच रिकामी केली. निर्माल्य कुणी घरात ठेवतं का रे?"

मी मशीन उघडून बघितलं. बापूंनी ठेवलेली एक देवीही तिथे नव्हती. एका ठिकाणी जे होईल ते सगळ्या ठिकाणी व्हावं, असं मीच सांगितलं होतं. मुनीमानं इमानदारीनं केलं. एकत्र कुटुंब होतं, एकदमच गेलं.

अंशुल भिया धावत आले. बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "भिया, बैकप?"

"अहो, हाच बैकप होता!"

"बैकप का भी बैकप रखते हैं, भिया." हे त्यांनी मला इतके दिवस का सांगितलं नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आपने पूछा ही नहीं." इतका संताप आला मला! पण त्यांचाच कंप्युटर होता. कंपन्यांना लिहिलं. एका कंपनीनं उत्तर दिलं की आम्हांला तुमची अडचण समजते, आणि खाली विचारलं, हे उत्तर उपयोगी वाटलं का? भावंडांना फोन केले. सगळ्यांचं एकच, "तूच म्हणालास ना, फोन रिकामे करा?" मोठ्या भावाच्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओची तबकडी शोधून काढली. व्हिडिओवाल्यानं मंगलाष्टकांच्या जागी सिनेमाचं गाणं घातलेलं. बापू पडद्यावर मान हलवताहेत, तोंड उघडताहेत, आणि आवाज कुठल्याशा नायिकेचा.

चारुलता मात्र शांत होती. "अहो, एवढं काय करता? बापू आहेत की. जा धारला, पुन्हा म्हणून घ्या." खरंच की! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मशीनच्या नादात मूळ माणूसच विसरलो होतो.

बसनं धारला गेलो. बापू ओसरीवर बसले होते, टॅब्लेट मांडीवर. मी सरळ फोन पुढे धरला. "बापू, मंगलाष्टकं पुन्हा एकदा म्हणता?"

"का रे? मशीनमध्ये आहेत ना?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. बापूंचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. पण त्यांनी टॅब्लेट बाजूला ठेवला. घसा साफ केला आणि सुरुवात केली. "धारेची गढकालिका निज बळे या मंडपी येउनी..."

आणि थांबले.

पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. पुन्हा तिथेच थांबले. ओठ हलत होते, डोळे छताकडे. मी हळूच म्हटलं, "पुढे, बापू?"

"चिंटू," ते म्हणाले, आणि इतक्या हळू आवाजात बापूंना मी कधी ऐकलं नव्हतं, "पुढचं येत नाही रे. ते मशीन रोज म्हणायचं, मी इथे बसून या टॅब्लेटवर ऐकायचो. म्हटलं, आता आपल्याला काय काळजी? रोज ऐकत होतो आणि रोज विसरत होतो, हे मला आत्ता कळतंय."

मला जो धक्का बसला तो मशीन रिकामं दिसल्यावरही बसला नव्हता. धारेच्या दफ्तराचा शेवटचा माणूस समोर बसला होता आणि त्याच्याकडे एक ओळ शिल्लक होती. चहा आला, तो तसाच निवला. निघताना त्यांनी माझा हात धरला. "उर्वीला काय सांगायचं?" मी त्यांना नमस्कार केला आणि बस गाठली. बसमध्ये मी रडलो, हे लपवत नाही. शेजारच्या माणसानं मला संत्र्याची फोड दिली.

लग्न लागायची वेळ आली. देवासचं कार्यालय गच्च भरलेलं. बापूंना अंतरपाटाजवळ खुर्ची दिली होती, हातात माइक. मी त्यांना म्हटलं होतं, नका म्हणू, भटजी उरकतील. पण ते ऐकेनात. उर्वीलाही कुणी काही सांगितलं नव्हतं. ती अंतरपाटाआड मान खाली घालून उभी होती, आजोबांचा आवाज ऐकायचा म्हणून.

भटजी थांबले. बापूंनी माइक वर केला. "धारेची गढकालिका निज बळे या मंडपी येउनी..."

आणि झालं. पुढचं नाही. माझ्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या. अंतरपाट धरणारे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी खोकलं. उर्वीनं मान वर केली.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला. बारीक, कोरडा, गणिताच्या शिकवणीतला. "देवासी वसली भवानि जननी, दे सावली लेकिला..."

नीतू भाभी! हातात अक्षता, डोळे अर्धवट मिटलेले, पाढे म्हणावेत तशा ठेक्यात. ओळीच्या मधे बापूंनी रेकॉर्डिंगात घसा खाकरला होता, तिथे त्यांनीही घसा खाकरला. सगळं कार्यालय वळून बघायला लागलं. माझं तोंड उघडं ते उघडंच.

"सावली!" बापू माइकमध्ये गरजले. "सावली, अशी लांबव. धावत सुटू नकोस!"

भाभी दचकल्या. मग त्यांनी ओळ पुन्हा म्हटली, लांबवून. बापूंनी पुढचा शब्द चुकला म्हणून टोकलं. त्यांनी सुधारला. त्यांना मराठी येत नाही. त्या 'गळ्यात'ला 'गल्यात' म्हणत होत्या, आणि दर चुकीला बापूंचा पारा चढत होता, आणि चढलेल्या पाऱ्याबरोबर बापूंचा शब्द येत होता. भाभी चुकत, बापू ओरडत, भाभी पुन्हा म्हणत. असं करत करत दोघं मिळून शेवटच्या श्लोकापर्यंत आले. तिथे शेवटच्या ओळीच्या तोंडाशी भाभी थांबल्या.

"क्या हुआ?" मी जवळजवळ किंचाळलो.

"भैया, इसके आगे नहीं आता," त्या ओशाळून म्हणाल्या. "यहाँ तक आते-आते तो मैं आपकी घंटी बजाने निकल पड़ती थी ना."

लोक हसले. मी नाही हसलो. बापूंनी भाभींकडे बघितलं. संतापानं त्यांचे कान लाल झाले होते. "इथपर्यंत आणून सोडतेस? शेवटची ओळ टाकून जातेस? आमच्या मुलीचं लग्न अर्धवट लावतेस?" आणि त्याच श्वासात, तोच चढलेला आवाज, तीच मान हलवण्याची तऱ्हा:

"कन्या जाय परी न जाय घरचे हे बोल ओठांतुनी..."

"शुभमंगल सावधान!" अख्खं कार्यालय ओरडलं. अंतरपाट खाली आला. उर्वी हार घालायचा विसरून बापूंकडे बघत होती आणि मी अक्षता टाकायला विसरलो. त्या माझ्या मुठीतच राहिल्या, घरी आल्यावर खिशात सापडल्या.

या सगळ्याचं रेकॉर्डिंग कुणीच केलं नाही. सगळ्यांच्या हातांत अक्षता होत्या. व्हिडिओवाल्यानं नंतर जी तबकडी दिली तिच्यात पुन्हा सिनेमाचं गाणं आहे. बापू आणि नीतू भाभी आळीपाळीनं तोंड उघडताहेत आणि नायक-नायिका गाताहेत. चारुलता ते बघून पोट धरून हसली. मी दोन दिवस जेवलो नाही.

बापू तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. मशीन मी अंशुल भियांना परत केलं. देवघरात त्याच्या जागी आता बापूंची खुर्ची आहे, कारण पंखाही त्याच इन्व्हर्टरवर चालतो. सकाळी शिकवणी आटोपली की घंटी वाजते आणि नीतू भाभी आत येऊन बापूंसमोर बसतात. मंगलाष्टकं म्हणतात. बापू ओरडतात. शेजारच्या गल्लीतून लोक विचारतात, आता कुणाचं लग्न आहे?

शेवटची ओळ भाभींना कधीच यायला लागली आहे. परवा मी त्यांना जिन्यात अख्खा शेवटचा श्लोक, त्या ओळीसकट, गुणगुणताना ऐकलं, ळसुद्धा नीट, एकही चूक नाही. पण देवघरात बापूंसमोर त्या ओळीच्या तोंडाशी आल्या की रोज थांबतात, आणि खाली बघत म्हणतात, "इसके आगे नहीं आता, बापूजी."

बापू भयंकर चिडतात आणि ती ओळ म्हणतात.